हे वझ्याचं दुखणं नव्हे

माझ्या बायकोनं उभ्या जन्मात माझं एकदाच ऐकलं. तेही अर्धंच ऐकलं, आणि त्या अर्ध्यासाठी माझी पाठ मोडून घेतली. पण त्या अर्ध्या ऐकण्यानंच ती वाचली. आज सकाळीसुद्धा चुलीपुढे बसून तिनं मला दोन शिव्या दिल्या. त्या शिव्या माझ्या कमाईच्या आहेत, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझाच. गावात पुष्कळदा सांगितली. ऐकणारे म्हणतात बुढा दरवेळी वाढवून सांगतो. म्हणून आता लिहूनच काढतो.

मी चौथीत शाळा सोडली आणि मिसरूड फुटायच्या आत मूल गावच्या राईस मिलमध्ये हमालीला लागलो. केस पांढरे होईस्तोवर पोती वाहिली. थप्पीवर पोहोचेपर्यंत पोतं खाली ठेवायचं नाही, हा आमचा कायदा होता. पाय लटपटला, पाऊस आला, कोणी मेल्याची खबर आली, तरी आधी पोतं थप्पीवर, मग रडणं. "मधात टाकणारा" ही आमच्यात आईबहिणीच्या वरची शिवी होती. ती शिवी मला कोणी दिली नाही. देणारा जन्मला नाही.

हमालाला दुखणं रोजचंच. आज खांदा, उद्या कंबर. त्यात आम्ही एक फरक मात्र करत होतो. एक वझ्याचं दुखणं आणि एक दुसरं. वझ्याचं म्हणजे भार उचलताना भरलेली चमक. मिलच्या मागं आम्ही सगळे मिळून रांधत होतो, एका गंजात भात आणि एका गंजात वरण. ज्याला पोटात चमक भरली तो भिंतीला टेकून कण्हत बसायचा, आणि कण्हता कण्हता दोघांचं जेवायचा. काम नाही, बसून खाणं, कोण सोडेल? म्हणून कोणी पोट धरून बसला की आमचा मुकादम पोटाकडे पाहत नव्हता, ताटाकडे पाहत होता. ताट चाटून ठेवलेलं दिसलं की म्हणायचा, "याले काई नाई झालं. पोटाले शेला बांधा अन् उद्या कोंड्याची हलकी पोती द्या." आणि ताट तसंच भरलेलं दिसलं की त्याची मस्करी बंद व्हायची. मग तो गाडी शोधायला जायचा.

एकदा माझीच पाळी आली. वरच्या थरावर पोतं फेकताना पोटात, उजव्या बाजूला, कापड फाटावं तसं झालं. खोकललो तरी जीव जात होता. कुशीवर वळताना डोळ्यात पाणी. सोबत्यांना वाटलं, अपेंडिस फुटली. उचलून बाजारातल्या एका म्हाताऱ्या डाक्टरकडे घेऊन गेले. त्यानं मला उताणं झोपवलं, जिथं दुखत होतं तिथं दोन बोटं टेकवली आणि म्हणाला, "आता हात न टेकवता मान वर उचल. पोट कडक होऊ दे."

मी मान उचलली आणि असा ओरडलो की बाहेर बसलेले सोबती आत आले.

डाक्टर खूश झाला. म्हणाला, "बस, हेच पाह्यचं होतं. पोट कडक केलं की आतली आतडी झाकली जातात. तरी दुखणं वाढलं, म्हणजे ते वरच्या मांसाचं. दुखणं भिंतीत आहे, घरात नाही." मग त्यानं विचारलं, मळमळ आहे का, ताप आहे का, आधी बेंबीपाशी दुखून मग खाली उजवीकडे उतरलं का, जेवण जातं का. मी म्हटलं, "जेवण जाते म्हणजे काय, येताना जेवूनच आलो." तो हसला. पण निघताना त्यानं मला दारात थांबवून सांगितलं, "तू हमाल माणूस, म्हणून सांगून ठेवतो. घरातलं दुखणं असलं, किंवा कळतच नसलं, तर पोट चोळायचं नाही, शेकायचं नाही, एरंडेल पाजायचं नाही. तसंच्या तसं दवाखान्यात आणायचं."

शाळेतलं मला फारसं काही राहिलं नाही. हे राहिलं. दुखत्या पोटावर बोट ठेवून शिकवलं तर कोण विसरेल?

मी घरी पडून होतो तेवढे दिवस बायकोनं माझी सेवा केली आणि सोबत माझी अब्रूही काढली. गल्लीतल्या बायांना बोलावून दाखवायची, "पाहा वो, येवढा मोठा गडी, अन् खोकल्याले भेते."

आता तिच्याविषयी सांगतो. आमच्याकडे धानाचा रोवणा बायाच करतात. गडीमाणसं पऱ्हे म्हणजे धानाची रोपं उपटतील, पेंढ्या वाहतील, चिखल करतील, पण चिखलात वाकून रोप लावणार बाई. माझी बायको रोवण्याच्या टोळीची मुख्य. आमची सून धरून दहा-बारा बाया घेऊन ती गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, रोवणा घेते. प्रत्येक बाईच्या वाट्याला बांधीतली, म्हणजे भातखाचरातली, एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. सगळ्यांनी एका ओळीत वाकायचं आणि मागं मागं सरकत जायचं. मुख्य बाईची पात कडेची. तिच्याकडे पाहून बाकीच्या सरळ राहतात. तिची पात थांबली की पूर्ण टोळी ढेपाळते. एका वर्षी भर पावसात तिच्या पायात काटा मोडला तरी तिनं पात सोडली नाही. मला बायको अशी मिळाली, यात माझ्या नशिबाचा भाग थोडा, आणि तिच्या बापानं मला पाठीवर पोतं घेऊन जाताना पाहिलं होतं, हा भाग मोठा.

काही पावसाळ्यांमागची गोष्ट आहे. त्या साली तिनं शेजारच्या गावच्या एका नव्या मालकाचा गुत्ता धरला होता. मोठी शेती. दुसऱ्या गावची एक टोळी त्याच कामावर डोळा ठेवून बसली होती. पहिल्या दिवशी पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाताना ही घसरली. पडली नाही, पण कंबरेतून अशी पिळली गेली की सोबतच्या बायांनी "अगं माय!" केलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि घात तिथंच झाला. कारण संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा कोणालाच प्रश्न पडला नाही. ती म्हणाली, "धुऱ्यावर पिळली ना मी, त्याचंच आहे. तुमच्यासारखं. वझ्याचं."

मीही मान डोलावली.

त्या दिवशी घरी वास्ते आणले होते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यातच मिळतात आणि आमच्याकडे त्यांच्यासाठी भांडणं होतात. माझी बायको वास्त्याच्या भाजीसाठी लग्नाच्या पंगतीतून उठून येईल. सुनेनं भाजी केली, ताट पुढे ठेवलं. बायकोनं ताटाकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"ने बाई हे. वास नको वाटते."

सून म्हणाली, "आत्याबाई, वास्ते आहेत."

"माहीत आहे मले काय आहे ते. ने."

माझा घास हातातच राहिला. मिलमधला मुकादम माझ्या डोळ्यापुढे उभा राहिला. मी विचारलं, "कुठी दुखते नेमकं?" तर तिनं बेंबीभोवती हात फिरवला. म्हणाली, "इथी. असंच, मोघम." मी म्हटलं, धुऱ्यावर पिळली तर कंबरेच्या बाजूला दुखायला पाहिजे, बेंबीत काय आहे पिळायला? ती म्हणाली, "तुमी कधीपासून डाक्टर झाले?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी पाहिलं तर ती घरामागे ओकत होती. मला पाहून तोंड पुसलं आणि गोठ्याकडे काम असल्यासारखी वळली. आता दुखणं बेंबीत राहिलं नव्हतं. खाली उजवीकडे उतरलं होतं, आणि हात तिथंच चिकटला होता.

तेवढ्यात समोरच्या घरची बुढी तेलाची वाटी घेऊन आली. बिचारी मायाळू बाई आहे, गावातली पोटं चोळून तिचं आयुष्य गेलं. पोटात काहीही दुखलं की तिच्या मते बेंबी सरकलेली असते आणि ती चोळून जागेवर आणावी लागते.

"सरक भाऊ," ती म्हणाली, "बेंबी सरकली तिची. आत्ता बसवून देतो."

मी दारात आडवा झालो. "बेंबी काय बैल आहे काय, दावं तोडून पळाले?"

"माह्या हातानं या गावच्या किती बेंब्या जाग्यावर आल्या, इचार कोणालेबी!"

"येऊ दे. या पोटाले हात नाई लावाचा. तेल नाई, शेक नाई, एरंडेल नाई."

"काऊन? पोट तिचं हाय का तुहं?"

"पोट तिचं आहे, पण बायको माही आहे."

"अन् काई झालं म्हणजे?"

"झालं तर माह्या डोक्यावर."

घरातून बायको ओरडली, "भांडत बसा दोघं. मी चालली रोवण्याले."

मी तिला अडवलं. म्हटलं, जायच्या आधी एकदा उताणी झोप. ती म्हणाली, "काऊन जी? मयत समजले काय मले?" पण झोपली, माझी कटकट जावी म्हणून. मी त्या डाक्टरसारखी दोन बोटं हलकेच टेकवली आणि म्हटलं, मान उचल. तिनं उचलली. मी ओरडलो होतो तशी ती ओरडेल म्हणून मी थांबलो. तिचं दुखणं वाढलं नाही. होतं तेवढंच राहिलं. उलट मी हात झटकन काढला तेव्हा ती कळवळली आणि माझ्या हातावर चापट मारली. हात काढल्यावर काऊन दुखावं, ते मला तेव्हा उमगलं नाही. एवढंच उमगलं, की हे माझ्यासारखं नाही. हे भिंतीतलं नाही.

"चाल गडचिरोलीले," मी म्हटलं.

"रोवणा उरकल्यावर," ती म्हणाली आणि निघाली.

मी मागं मागं गेलो. वाटेवर तिचं चालणं पाहत होतो. जी बाई डोक्यावर दोन पेंढ्या घेऊन पळते, ती पाय असा टेकवत होती जसं खाली जमीन नाही, कोणाचं झोपलेलं लेकरू आहे. धुऱ्यावरून बांधीत उतरायचं म्हणजे हातभर उडी. तिनं उडी मारली आणि दोन्ही हात पोटावर घेऊन तशीच उभी राहिली. तोंड पांढरं फटक. मग हळूहळू वाकली आणि पहिलं रोप लावलं.

बाकीच्या बाया वाकल्या. मालक छत्री घेऊन पलीकडच्या धुऱ्यावर उभा.

मी काठावरून म्हटलं, "निघ बाहेर."

ती वाकलेल्या वाकलेली म्हणाली, "पात झाल्याबिगर नाई."

"मरशीन."

"मरीन तर पात झाल्यावर मरीन. नव्या मालकाच्या डोळ्यादेखत मीच पात टाकून गेली तर उद्या ती दुसरी टोळी इथी उभी राहीन. या बायाईले मी काय तोंड दाखवू?"

खरं होतं तिचं. मी असतो तर हेच म्हटलं असतं. म्हणूनच मला कळलं की डाक्टरचं नाव काढून, देवाची आण घालून, हात धरून ओढून काही होणार नाही. मी धोतर वर खोचलं, चपला धुऱ्यावर काढल्या आणि चिखलात उतरलो.

"मी रोवतो तुही पात."

सगळ्या बायांनी माना वर केल्या. मग एकीला हसू फुटलं आणि सगळी बांधी हसायला लागली. आमच्याकडे गडीमाणूस रोवण्याच्या ओळीत उभा राहिला तर बाया त्याला चिखलानं माखतात, आणि पुढचं वर्षभर त्याचं नाव काढून हसतात. हे मला माहीत होतं. उतरलो.

बायको हसली नाही. तिनं माझ्याकडे मान वळवून पाहिलं.

"मधात सोडाल तर?"

"आजवर पोतं मधात टाकलं काय मी?"

ती हळूहळू सरळ झाली. मग हातातली पेंढी माझ्या हातात दिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवायचा ठरवला तो तिथं, गुडघाभर चिखलात, सगळ्या बायांसमोर. सुनेनं तिला हात देऊन वर घेतलं. मालक चांगला माणूस निघाला. त्यानं फोन लावून गावातला ऑटो धुऱ्याच्या टोकापर्यंत बोलावला. गडचिरोलीच्या वाटेवर वैनगंगेचं पाणी चढत होतं, पण पुलावर आलं नव्हतं. मी मागून सुनेला ओरडून सांगितलं, "तिले खावाले-प्यावाले काई देऊ नको. अन् डाक्टरले सांग, दुखणं बेंबीतून खाली उजवीकडे उतरलं, काल संध्याकाळपासून जेवण नाई, सकाळी ओकली. धुऱ्यावर पिळली तेबी सांग, लपवू नको."

ऑटो गेला आणि मी वाकलो.

रोवणा दिसतो सोपा. तीन-चार रोपं चिमटीत घ्यायची, अंगठ्यानं चिखलात खुपसायची, एक पाय मागं. पण मी जन्मभर पोतं घेऊन पुढं चाललो होतो. माझे पाय मागं जायला तयार नव्हते.

"आबाजी, मुळं खालतं लावाची असतात बरं का!"

"आबाजी, लुगडं आणू काय? धोतराले चिखल लागते."

"अवो, आबाजीची पात इकडं येऊन राह्यली माह्या पातीत! दोन सवती एका घरात नाई मावत, सरका तिकडं!"

एकीनं ओंजळभर चिखल माझ्या पाठीवर फेकला. मग दुसरीनं. मी पुढचं रोप खुपसलं. एकीनं गाणं धरलं आणि त्यात मला गोवलं, की म्हातारा नवरी होऊन चिखलात नांदायला आला. चाल चांगली होती. त्या चालीवर माझे हात जरा जलद चालायला लागले, हे मात्र मी त्यांना कळू दिलं नाही. त्या हसत होत्या, पण सुनेची पात त्यांनी न सांगता आपसात वाटून घेतली होती, आणि माझ्या हाताजवळ पेंढी संपायच्या आत नवी पेंढी येऊन पडत होती. हसणं आपल्या जागी होतं आणि काळजी आपल्या जागी.

दुपारी मालक धुऱ्यावरून फोन घेऊन आला. हात चिखलाचे, म्हणून त्यानंच माझ्या कानाला लावला. सून होती.

"मामाजी, डाक्टरीनबाईनं पोट पाह्यलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. अपेंडिस आहे म्हणते. सुजलेली आहे. आजच आप्रेशन."

मी म्हटलं, "तिले दे फोन."

बायकोचा आवाज आला. बारीक, पण तिचाच.

"पात झाली?"

"अर्धी झाली."

"मग फोनवर काय बोलून राह्यले? हात चालवा." आणि फोन बंद.

मालक म्हणाला, "जा बाबा तुम्ही. बाकीची पात बाया करतील."

बायाही आता हसत नव्हत्या. त्यांतली वयानं मोठी बाई म्हणाली, "जा भाऊ. आमी सांगू तिले, भाऊनंच केली म्हणून."

मी म्हटलं, "तिले खोटं सांगणारा अजून जन्मले याचा आहे." आणि वाकलो.

कोणाला वाटेल, कसला हा माणूस, बायको टेबलावर आणि हा चिखलात. ज्याला वाटायचं त्याला वाटू दे. तिथं जाऊन मी काय केलं असतं? भिंतीला टेकून उभा राहिलो असतो. इथं माझ्या हातात तिचं काम होतं. मी एक रोप लावायचो आणि मनात म्हणायचो, आता सुई टोचली असेल. दुसरं लावायचो, आता झोपली असेल. असं करत करत मी बांधीच्या दुसऱ्या धुऱ्याला टेकलो. मागं टाच लागली तेव्हा कळलं की पात संपली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठी बाई फक्त म्हणाली, "झालं. आता पळा."

नालीवर हातपाय धुतले आणि मिळाली त्या एसटीत चढलो. पाठीवरचा चिखल वाळून पापडासारखा पडत होता, आणि शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. गडचिरोलीला उतरायला उठलो तर उठता येईना. पोटात उजव्या बाजूला अशी कळ आली की सीटचा दांडा धरूनच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, उतरता का परत येता?" मी पोट धरून उतरलो.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आप्रेशन झालं होतं. सून दारातच उभी होती; मला पाहून ती पहिल्यांदा रडली आणि म्हणाली, "बरी आहे." मी तिथंच बाकावर बसलो. बसतानाही कळ आली. डाक्टरीनबाई तिकडून जात होती. वयानं माझ्या नातीएवढी. माझा हात पोटावर पाहून थांबली.

"आजोबा, तुमचंही उजवीकडेच दुखतंय? काय, घरात साथ आहे का?"

मला आत नेलं. उताणं झोपवलं. तिनं बोटं टेकवली आणि म्हणाली, "मान उचला."

मी उचलली. ओरडलो. ओरडता ओरडता मला हसू आलं, आणि हसल्यामुळे आणखी दुखलं.

"मळमळ? उलटी?" तिनं विचारलं. "जेवण जातंय?"

"डाक्टरीनबाई, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाई. तुमच्याकडे असन काई तर आणा, वाटी चाटून देतो."

ती खुर्चीत बसून हसली. म्हणाली, "तुमच्या पोटाचा स्नायू ताणला गेलाय. दिवसभर वाकून राहिलात ना. त्यांचं अपेंडिक्स होतं. नवरा-बायकोनं दोन्ही दुखणी एकाच दिवशी आणून दाखवली मला." मग तिचा चेहरा गंभीर झाला. "त्यांचं पोट चोळलं असतं, किंवा काम उरकून उद्या आल्या असत्या, तर आत फुटलं असतं. मग मी तुम्हाला हसून सांगू शकले नसते."

मी छाती जरा वर घेतली. ती तिनं पाहिली असावी, कारण लगेच म्हणाली, "पण आजोबा, हे घरी ओळखायला जाऊ नका. दरवेळी असं सरळ नसतं. म्हाताऱ्या माणसाला कधी ताप येत नाही, उलटी होत नाही, कधी जेवणही चालू असतं, आणि आत अपेंडिक्स सडत असतं. आम्हीसुद्धा तपासून, रक्त बघून, फोटो काढून ठरवतो."

मी म्हटलं, "मी कुठी ओळखलं? मी येवढंच ठरवलं, का हे घरी ठरवाचं नाई."

तिनं माझ्या गोळीची चिठ्ठी लिहिली. मग म्हणाली, "एवढंच तर हवं असतं आम्हाला." शिकलेल्या माणसानं मला दिलेलं हे एकच प्रमाणपत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पूर्ण जागी झाली. पहिली नजर माझ्या हाताकडे.

"हात पोटावर काऊन?"

"चमक भरली."

"एक पात रोवली अन् चमक भरली!" आजूबाजूच्या खाटांवरच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली. "मी इतके वर्सं रोवून राह्यली, मले कधी भरली?" आणि हसायला लागली, आणि हसता हसता टाक्यावर हात ठेवून कळवळली. "हसवू नका जी! टाके तुटतीन!" मी काहीच बोललो नव्हतो.

ती घरी आली. वझं उचलायचं नाही, वाकायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तो उरलेला रोवणा तिनं धुऱ्यावर बसून, नुसत्या तोंडानं करवून घेतला. टोळीचा गुत्ता राहिला. माझी पात मात्र धान वर आल्यावर सगळ्यांना दिसली. बैल मुतत गेल्यावर जशी वाकडीतिकडी रेघ उठते, तशी. रस्त्यानं जाणारे हात दाखवायचे. मालक म्हणाला, विरळ जागी रोपं भरून सरळ करून घेऊ का? बायकोनं कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या साली पावसाच्या आधीच तो मालक आमच्या दारात आला, गुत्ता पक्का करायला. मी आतल्या खोलीत होतो. बोलणं झालं, चहा झाला, आणि जाता जाता त्यानं मस्करी केली, "बाई, यंदा बाबाबी येतात का रोवाले?"

बायको म्हणाली, "नाई जी. ते असेतसे नाई उतरत चिखलात. त्याईले उतरवाचं म्हणजे आधी मले मराले टेकावं लागते."

मालक हसला. ती हसली नाही. मी आत बसून ऐकलं. मग उठलो, टोपी नीट केली, बाहेर आलो आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.